काळडोहाच्या वाटेची व दोघांच्या शिळेची बखर

श्री उदकदेवता समर्थ. जिचे पाणी सर्वांचे आणि काठ मात्र ज्याचा त्याचा, त्या नदीस आधी नमस्कार, मग मनुष्यांची हकीकत. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. राज्याचे नाव कशास पाहिजे? नदीकाठची सर्व राज्ये सारखीच वेडी.

त्या राज्यात काळडोह म्हणून पाण्याचे खोल ठिकाण, वर करंजाची सावली, आणि काठी एक काळी सपाट शिळा, दोन माणसे मांडीस मांडी लावून बसतील इतकीच. त्या डोहावर गावची रयत वाडवडिलांपासून गळ टाकीत आली. पोटासाठी म्हणावे तर नाही. पोटाचा मासा भोयांच्या बाया टोपलीतून दारी आणून देत. ही मंडळी कुणबी, तेली, शिंपी, आपापला धंदा आटोपून, कणकेची गोळी घेऊन, बांबूची काठी खांद्यावर टाकून जात, आणि मरळ लागली तर उत्तम, न लागली तर त्याहून उत्तम, कारण मग उद्या पुन्हा जाण्यास निमित्त राहते. त्या रयतेत ठकूआऊ म्हणून बाई बहुत मातबर, तीन सुनांची सासू, जिभेस धार ऐसी की विळ्याने लाजावे. तिचे यजमान रायाजी, पुरुष अबोल. घरात दिवसाकाठी चार शब्द बोलत, त्यांतले दोन बैलांशी. परंतु लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी बायकोस डोहावर नेले, आणि नवी सून गळ टाकते म्हणून गावाने तोंडात बोट घातले, आणि कंटाळून काढले. मग रायाजींनी तिच्या गळास गोळी लावून द्यावी, गळाच्या दोरीची मोरपिसाची तरंगती काडी पाण्यावर उभी राहावी, आणि दोघांनी तिजकडे पाहत राहावे, ऐसे वर्षानुवर्षे चालिले. घरी ती सून, जाऊ, भावजय. शिळेवर ती कोणाचीच काही नव्हे, फक्त रायाजींच्या शेजारची. पुढे रायाजी देवाघरी गेले, तरी आऊने जाणे सोडिले नाही. त्यांचीच काठी नेई, आपल्या अर्ध्या शिळेवर बसे, आणि उरल्या अर्ध्यावर पिशवीसुद्धा ठेवीत नसे.

ते समयी हैबतराव नामे सरदाराने दोन्ही काठ खरेदी केले आणि लोखंडी काट्यांची तार ओढिली, आणि आत पाहुण्यांसाठी तंबू ठोकिले. मग नगरीचे पाहुणे चक्रीच्या काठ्या घेऊन येत, मासा धरीत, त्यास छातीशी लावून तसबीर काढीत आणि परत सोडीत. माशासही कळेना की आपले लग्न ठरले की मोडले. आऊ काठी घेऊन गेली तो फाटकात चौकीवर गावचाच दगडू. तो म्हणाला, "आऊ, आत सोडायचा हुकूम नाही." आऊ म्हणाली, "तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी, आणि तू मला हुकूम सांगतोस?" तो खाली मान घालून बोलिला, "घुगऱ्या खाल्ल्यात ना, मग पोटावर पाय देऊ नका." गरिबाशी भांडण्यात पुरुषार्थ नाही, हे जाणून आऊ माघारी फिरली, आणि त्या रात्री सुनांनी वाढिलेले ताट तसेच राहिले.

मग रयत सुभेदारांच्या हुजूर गेली. सुभेदार दयाळू, परंतु कायद्याच्या ओझ्याने वाकलेले. त्यांनी जाबसाल केला तो ऐसा: "पाणी सरकारचे आहे, कोणीही वापरावे. काठ मात्र सरदारांचा." आऊ बोलती झाली, "मग आम्ही काय बगळे आहोत, वरून उतरायला?" दरबार हसला, सुभेदारही हसले, आणि म्हणाले, "बाई, वाट मिळते ती पोटासाठी, गुरांसाठी, तिरडीसाठी किंवा देवासाठी. तुमची कशासाठी?" आऊ म्हणाली, "हौसेसाठी." सुभेदारांनी कारकुनाकडे पाहिले, कारकुनाने छताकडे. "हौसेला वाट नाही, बाई." तेव्हा आऊ उभी राहून म्हणाली, "साहेब, मासा बाजारात मिळतो. पाण्याशेजारी गप्प बसायला मिळतं, तो बाजार कुठे भरतो तेवढं सांगा, आम्ही तिकडे जातो." यावर सुभेदारांनी पुढली तारीख दिली.

परतीस लिंबाजी गुरवाने मसलत काढिली की, "आऊ, चार वाटांतली एक आपल्या हातची आहे. डोहावर देव उभा करू." आऊ म्हणाली, "खोटा?" तो म्हणाला, "शेंदूर लागला की खोटा राहतो होय?" मग कोणता धोंडा करावा हा विचार पडला. देव जुना दिसला पाहिजे, झिजलेला पाहिजे, आणि त्या काठी झिजलेला धोंडा एकच. आऊ म्हणाली, "दुसरा बघ." लिंबाजी म्हणाला, "दुसऱ्यांवर शेवाळ आहे, आऊ." तेव्हा बाईने शेंदराची पुडी त्याच्या हातून काढून घेतली. मग पाणी तर सर्वांचेच, म्हणून दुसरे दिवशी भर दुपारी पहारेकरी जेवावयास बसले असता ती खालच्या उतारावरून कमरेइतक्या पाण्यात चालत गेली, आणि शेंदूर आपल्या हाते लाविला. प्रथम रायाजींच्या अर्ध्या भागास लाविला. आपल्या भागास लावताना हात थांबला. मग तोही लाविला.

सुभेदार पाहणीस आले आणि शिळा पाहून सद्गदित जाहले. "किती पिढ्यांच्या मस्तकांनी झिजली असेल!" रयतेने माना डोलाविल्या. मस्तके नव्हेत, ही खरी गोष्ट शिंपी बोलणार, तो तेल्याने त्याच्या पायावर पाय दिला. सुभेदारांनी विचारिले, "देवाचे नाव काय, बाई?" आऊ पदर सावरून म्हणाली, "त्यांचं नाव मी घेत नाही." लिंबाजी मागून ओरडला, "डोहोबा, सरकार!" मग हुकूम जाहला की, काळडोहाची वाट लहानथोरांस निरंतर खुली, सरदाराने तार मागे घ्यावी, आणि देवस्थान जागृत, सबब डोहातील मासे देवाचे, पाहुण्याने अथवा गावकऱ्याने, कोणीही गळ टाकू नये.

ऐसे सर्वही जिंकिले आणि सर्वही हरिले. आऊ उजाडताच काठी घेऊन निघाली, तो वाटेवर लिंबाजी नारळ विकीत बसलेला. "आऊ, काठी घरी ठेवा. देवाचे मासे." "देव मी केला, मेल्या!" "म्हणून तर तुम्ही पाळायचं. तुम्ही मोडलंत तर सरदार उद्याच तार ओढतो." हे बोलणे खरे होते, आणि खऱ्या बोलण्यास शिवी लागू पडत नाही. आऊने काठी नेऊन आढ्यास बांधिली. पुढे घंटा आली, नवस आले, चैत्रात जत्रा भरू लागली, आणि मरळी ऐशा निर्भय जाहल्या की हातातली लाही घेऊन जात. तारेबाहेर राहिलेली माणसे काठावर आली खरी, परंतु ज्या शांततेसाठी वाट मागितली ती शांतता त्या वाटेने निघून गेली.

तरी उन्हे चढून यात्रेकरू पांगले की आऊ एकटी जात असे, आणि शिळेवर आता बसता येत नाही म्हणून खाली मातीत बसे, आणि शेंदरास पाठ टेकून पाण्याकडे पाही, जेथे पूर्वी मोरपिसाची काडी उभी राहत असे तेथे. एके दिवशी धाकटी सून शोधीत आली आणि घाबरून म्हणाली, "अहो आत्याबाई, देवाला पाठ लावता?" आऊने मान वळविली नाही. म्हणाली, "लावू दे. माझी पाठ त्यांच्या ओळखीची आहे. तू बस गप, आणि पाण्याकडे बघ."

तात्पर्य, वाट राहिली, गळ गेला, आणि सून तेव्हा बसली ती दिवस कलेपर्यंत उठली नाही. येणेप्रमाणे काळडोहाचे वर्तमान. पाणी वाहते आहे.