अडतीस गुण कमी

ओस्टरलोह गावात डोळ्यांच्या डॉक्टर एकच होत्या, आणि त्यांचे अडतीस गुण कमी पडत होते.

नियम सरळ होता. विशेषज्ञ म्हणवून घ्यायचं तर पाच वर्षांत अडीचशे गुण. पाऊण तास व्याख्यान ऐकलं की एक गुण, आणि दारातल्या हजेरीपत्रकावर आपल्या नावाच्या बारकोडचं स्टिकर चिकटवलं की व्याख्यान ऐकलं असं धरायचं. रुग्ण तपासण्याला गुण नव्हते, कारण त्यातून डॉक्टर काही शिकतो याचा पुरावा गुण देणाऱ्या वैद्यक मंडळाकडे नव्हता. डॉ. इर्मगार्ड टीडेकेन तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघत आल्या होत्या. मंडळाच्या दफ्तरी तो काळ 'अन्य उद्योग' या सदरात मोडत होता.

व्याख्यानं असत बुधवारी दुपारी, शहरात. त्या दुपारी सगळे दवाखाने बंद असतात. टीडेकेनबाई मात्र नेमक्या त्याच दुपारी साठलेले रुग्ण उरकत, कारण त्यांच्याकडचा नंबर सात महिन्यांवर गेला होता. मागे एकदा 'रुग्णाला ताटकळत ठेवू नये' या दोन दिवसांच्या शिबिराला जाण्यासाठी त्यांनी ऐंशी माणसांना परत पाठवलं होतं.

"द्या ती स्टिकरं इकडं," लामर्स मास्तर म्हणाले. चर्चमध्ये चाळीस वर्षं ऑर्गन वाजवून निवृत्त झालेला माणूस. अलीकडे कमी दिसतं म्हणून नंबर लावायला आला होता, आणि त्याला नोव्हेंबरातली तारीख मिळाली होती. "तोवर मला काय काम आहे? तुम्ही इथं डोळे बघा, मी तिथं बसतो."

"मास्तर, हे काही बरं नाही."

"घ्या हो बाई," दवाखान्यात नंबर लिहून घेणाऱ्या वुबेल्सबाई म्हणाल्या. "दातांच्या डॉक्टरांची सासू सहा वर्षं जातेय. दातात भरायचं नवीन सिमेंट तिनंच त्यांना आणायला लावलं."

मास्तर जाऊ लागले. मनापासून ऐकू लागले, हीच चूक झाली. प्रत्येक व्याख्यानानंतर श्रोत्यांना अभिप्रायाचा कागद देतात. तो कुणी भरत नाही, भरायचा नसतोच. मास्तरांनी तो दोन्ही बाजूंनी भरला. 'तिसरे चित्र उलटे दाखवले गेले. वक्त्यांनी सूर थोडा खाली घ्यावा. पावातली हेरिंग मासळी ताजी होती.' खाली बाईंचं स्टिकर. असे सात कागद गेल्यावर मंडळ हेलावलं. इतकी जिज्ञासू डॉक्टर त्यांच्या पाहण्यात नव्हती. सत्कार ठरला, आणि आठव्या बुधवारी पुटफार्कन नावाचे अधिकारी गौरवपत्र दारातल्या पेटीत टाकायला स्वतः ओस्टरलोहला आले. दार उघडं होतं. भर व्याख्यानाच्या वेळी टीडेकेनबाई रुग्ण तपासताना रंगेहाथ सापडल्या.

"आत्ता तुम्ही शहरात दुसऱ्या रांगेत बसलेल्या आहात," पुटफार्कनसाहेब घड्याळ बघत म्हणाले.

"मी इथं आहे."

"इथं असल्याचा काही कागद आहे का?"

बाई काही बोलणार तेवढ्यात लामर्स मास्तर धापा टाकत आत आले. हातात टिपणवही होती. साहेबांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

"बाई, मी मधूनच उठून आलो. आजचं काचबिंदूवर होतं. दुखत नाही, कळत नाही, कडेकडेनं दिसेनासं होतं म्हणाले. ऑर्गन वाजवताना मला कागदाचा डावा कोपरा दिसेना. मला वाटायचं, पाद्रीबाबांनी काटकसर म्हणून दिवा काढला असेल. त्यांना वाटेल ते बोललो मी." ते खाली बसले. "बाई, माझा डोळा जातोय."

बाईंनी यंत्र पुढे ओढलं. पुटफार्कनसाहेबांनी हात आडवा केला.

"आजपासून तुम्ही त्यांच्याकडे बघू शकता, तपासू शकत नाही."

"मग यांना तपासणार कोण?"

"ज्यांचे गुण पूर्ण आहेत ते कुणीही."

"ते सगळे आत्ता व्याख्यानाला बसलेत."

"तेच म्हणतो मी. सगळेच काही निष्काळजी नसतात."

निकाल लवकर लागला. हजेरी खरी होती, त्यामुळे मिळालेले गुण रद्द करता येईनात. मास्तर डॉक्टर नव्हते, म्हणून ते त्यांना देता येईनात. बाई हजर नव्हत्या, म्हणून त्यांनाही नाही. गुण फायलीत राहिले. बाईंनी सगळी व्याख्यानं पुन्हा ऐकावीत आणि तोवर दवाखाना बंद ठेवावा, असं ठरलं. शहरातल्या डॉक्टरांनी मास्तरांना फेब्रुवारीतली तारीख दिली.

बाई दुसऱ्या रांगेत बसल्या. काचबिंदूच्या रुग्णाला आठवडाभरही थांबवू नये, हे वक्त्यानं तीनदा बजावलं. शेजारच्यांनी ते लिहून घेतलं. बाईंना संतापानं पेन धरवेना, आणि अभिप्रायाचा कागद त्यांनी कोराच परत केला. मंडळाची खात्री पटली की या खेपेला त्या स्वतःच आल्या आहेत.

ऑक्टोबरात दवाखाना उघडला. पहिले आत आले ते लामर्स मास्तर. बाईंनी बराच वेळ तपासलं, मग पुन्हा एकदा तपासलं.

"मास्तर, डावा गेला. आता मला काही करता येणार नाही. मी त्याच दिवशी हात लावायला हवा होता."

मास्तर उठले. भिंतीवरच्या नव्या प्रमाणपत्रापाशी गेले आणि उजवा डोळा काचेला टेकवून शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"हे पूर्ण पाच वर्षांचं आहे ना?"

"हो."

"मग उजव्याची काळजी नाही," मास्तर म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

बाहेर चाळीस माणसं बसली होती. मास्तरांच्या डोळ्याचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. प्रमाणपत्र आलं का, हे सगळ्यांनी विचारलं. तुम्ही असता तर डोळ्याचं विचारलं असतं, यात मला शंका नाही. फक्त एक करा. तुमच्या डॉक्टरांच्या भिंतीवर जे प्रमाणपत्र आहे, त्यावर काय लिहिलंय ते आठवून सांगा. चौकटीचा रंग नको, तो सगळ्यांनाच आठवतो.