जानरावांनी पंच केलेली आठ कार्डं

बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर राहिलेल्या जानरावांना नवं कार्ड कुणी शिकवायची गरजच नव्हती! रोहिणखेडला ज्येष्ठांसाठी एसटीची कार्डं आली तेव्हा त्यांनी पारावर जाहीर करून टाकलं, "पैसे कार्डात भरले हायेत. रोकड घरी ठेवा. मशीनले कार्ड दाखवा अन् बसा. मी हाये ना!"

रविवारी नांदुऱ्याला नुकत्याच वारलेल्या देवानंदचा जलदान विधी होता. देवानंद ड्रायव्हर, जानराव कंडक्टर. एकाच गाडीवर बावीस वर्षं. त्याच्या बायकोनं, धम्मशीलानं, निरोप धाडला होता, "भाऊ, पहिले तुम्ही बोला." त्या गाडीतून उभा जन्म फिरलेली सात म्हातारी माणसं जानरावांसोबत निघाली. त्यांत त्यांची बायको रुख्मिणीही होती.

स्टँडवर जानरावांनी सगळ्यांची कार्डं गोळा केली. बिनभोकाचं तिकीट हातात आलं की त्यांना कसंसंच होई. पिशवीतून तिकीट पंच करायचा जुना चिमटा निघाला. सगळा जोर लावून त्यांनी आठही कार्डांच्या कोपऱ्याला भोक पाडलं, दोरा ओवला आणि एकेकाच्या गळ्यात कार्ड अडकवलं.

"आता कोनाचंच हरवत नाही!"

कार्डाच्या कडेनं आतून बारीक तार फिरते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

गाडी निघाली. कंडक्टर प्रेरणानं पंजाबरावांचं कार्ड मशीनला लावलं. मशीन गप्प! विमलबाईंचं लावलं. गप्प! आठही झाली.

"हे भोक कोनं पाडलं?" प्रेरणानं विचारलं.

सात माना जानरावांकडे वळल्या.

"काका, याच्यातली तार तुटली. आता रोख तिकीट काढा."

रोख कुणाकडेच नव्हती. जानरावांचा शब्द पाळून सगळे रिकाम्या खिशानं आले होते. रुख्मिणीनं नांदुऱ्याच्या कार्यक्रमाचं सांगितलं, तसा प्रेरणाचा आवाज खाली आला. "काका, तुमचं एकट्याचं तिकीट माह्याकडून. तुम्हाले बोलाचं हाये तिथं."

जानरावांना नांदुऱ्याला जायचंच होतं. देवानंदसाठी दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. पण मागे सात माणसं बसली होती.

"नाही पोरी. हे माह्या भरवशावर आले." त्यांनीच घंटी ओढली.

मोताळ्याच्या अलीकडे, ऐन उन्हात आठ जण उतरले. पुढची गाडी दीड तासानं, आणि तिच्याही तिकिटाला पैसे नव्हते. पंजाबराव तर तोंड फिरवून बाभळीखाली जाऊन बसले. जानरावांनी धम्मशीलाला फोन लावला.

"सगळे खोळंबले हायेत, भाऊ," ती म्हणाली. "फोनवरच बोला, माइक जवळच हाये."

जानरावांनी टोपी काढली. "देवानंद माह्या भावापेक्षा जवळचा होता. पूर आला, टायर फुटलं, रात्र झाली, पन बावीस वर्षांत त्यानं एक पॅसेंजर रस्त्यात सोडला नाही..." त्यांनी टोपीनं डोळे पुसले. बाभळीखालचे पंजाबरावही उठून जवळ आले.

तेवढ्यात रुख्मिणी म्हणाली, "अन् तुम्ही एका दिवसात सात सोडले!"

फोन चालूच होता. नांदुऱ्याच्या मांडवात ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. तिकडून कुणीतरी हसलं. ती धम्मशीला होती.