अकरा मिलिमीटरची साक्ष

"माझं ॲप ज्याला पटलं नाही त्याने सरळ माझ्याकडे यावं. चार डॉलर माझ्या हाताने परत देईन," असं मर्विन पास्कोने वॉलरू गावच्या बोलिंग क्लबात शुक्रवारी संध्याकाळी जाहीर केलं. त्या वेळी त्याच्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात सॉसेज होतं, त्यामुळे सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

मर्विन चाळीस वर्षं कौन्सिलात भूमापक होता. निवृत्त झाल्यावर लोक टोमॅटो लावतात, याने फोनचं ॲप केलं. हिरवळीवरच्या पांढऱ्या गोळीच्या सर्वांत जवळ कुणाचा गोळा थांबला, ते फोन वर धरला की कळायचं. याच प्रश्नावरून क्लबातले दोन साडू तेरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, तेव्हा गरज होती यात वाद नाही. क्लबातल्या बाकीच्या एकतीसच्या एकतीस सभासदांनी चार-चार डॉलर देऊन ॲप विकत घेतलं. उरलेल्या जगाने अजून विचार केला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ॲपने डोरीन ट्रेझाईजचा गोळा दुसरा ठरवला. डोरीन म्हणजे क्लबची पंच, आणि जोडीच्या सामन्यात तीस वर्षं मर्विनची भिडू. तिने खिशातून फीत काढली, गुडघा टेकला, मापलं आणि उठली. उठायला जरा वेळ लागला, पण निकालाला नाही.

"माझाच जवळ आहे. अकरा मिलिमीटर चुकलाय तुझा फोन, मर्व."

"ऊन डोळ्यावर आलं असेल."

"कुणाच्या, फोनच्या?" तिने हात पुढे केला. "चार डॉलर."

मर्विनने पाकीट काढलं.

"हे तुझे झाले," डोरीन म्हणाली. "खिशातून देतोस ते दान. मी दान घेत नाही. मी मोजलेले पैसे परत कर."

इथे मर्विनला पहिल्यांदा कळलं की ते त्याच्या हातात नाही. घरी जाऊन त्याने ॲपची सगळी पानं धुंडाळली. किंमत बदलायचं बटण होतं, चित्र बदलायचं होतं. पैसे परत करायचं बटण नव्हतं.

"असं आहे," त्याने दुसऱ्या दिवशी डोरीनला सांगितलं, "ॲप मी केलं, पण विकलं फोनवाल्यांच्या दुकानाने. पैसे त्यांनी घेतले, आपला वाटा कापला, उरलेले मला दिले. परत करायचे की नाही, तेही तेच ठरवणार. तू त्यांच्याकडे अर्ज करायचा."

"म्हणजे खिम्याची पेस्टी तुझी कच्ची, आणि तक्रार घेऊन मी भट्टीच्या मालकाकडे जायचं?"

"तसंच काहीसं."

"कुठे बसतो हा मालक?"

"कुठेच बसत नाही."

"नशीबवान आहे मेला."

वॉलरूत माणसाचा शब्द गेला की तो परत मिळवायला दुसऱ्या गावात घर घ्यावं लागतं. मर्विनला घर बदलायचं नव्हतं. त्याने ठरवलं, एकट्या डोरीनचेच का, ॲप नीट होईपर्यंत सगळ्यांचेच पैसे परत मिळायला हवेत. सभासदांचं सरासरी वय चौऱ्याहत्तर, त्यांना अर्ज भरता येणार नाहीत. तेव्हा बुधवारी चहानंतर तो स्वतः क्लबच्या संगणकावर बसला. सभासद रांगेने येत होते, परवलीचा शब्द त्याच्या कानात सांगत होते. डोरीन सर्वांत पुढे.

"कारण निवड," मर्विन म्हणाला. "मुलाने न विचारता विकत घेतलं?"

"माझा मुलगा शेहेचाळीस वर्षांचा आहे आणि लांब डार्विन शहरात असतो. अकरा मिलिमीटर चुकतं, असं लिही."

"तसा पर्याय नाही. 'ॲप चालत नाही' आहे."

"चालतं की. चुकीचं चालतं."

शेवटी 'चालत नाही' वर तडजोड झाली. एका तासात एकतीस अर्ज गेले.

गुरुवारी दुकानाचं पत्र आलं. एकाच जागेवरून, एकाच यंत्रावरून, एकाच तासात, एकाच ॲपविरुद्ध एकतीस अर्ज. आणि यंत्र वापरणारा, ॲपचाच मालक. सबब हा संघटित लबाडीचा प्रकार दिसतो. अर्ज रोखले आहेत, मर्विनचं खातं बंद केलं आहे. मर्विनने सविस्तर अपील केलं. सहा मिनिटांत उत्तर आलं की प्रकरण काळजीपूर्वक तपासलं, निर्णय कायम.

त्या सहा मिनिटांचं त्याला फार लागलं. कौन्सिलात असताना कुंपणाच्या वादात लोक त्याच्या टेबलापर्यंत येऊन शिव्या द्यायचे. मग तो मोजणीची साखळी घेऊन जायचा, पुन्हा मोजायचा, आणि दोनदा तर त्याचीच चूक निघाली होती. शिव्या द्यायला समोर माणूस असणं ही एक सोय असते, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. त्याने क्लबात जाणं सोडलं. "पैसे कुठे?" असं कुणी विचारत नव्हतं, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं.

दहाव्या दिवशी डोरीन दारात उभी राहिली.

"भिडूशिवाय जोडी खेळता येत नाही. काय विचारतायत ते लोक?"

"मी लबाड आहे का, एवढंच. शेवटच्या अपिलाला गिऱ्हाइकाचा जबाब जोडता येतो म्हणे."

"मग मला विचारू देत की."

तिने क्लबच्या छापील कागदावर दोन पानं लिहिली, खाली 'अधिकृत पंच' अशी सही केली आणि मर्विनला वाचू न देता पाकीट चिकटवलं. पंच निकाल आधी दाखवत नाही. मर्विनने पाकीट क्लबच्या चिटणिसाकडे दिलं, त्याने पानांचे फोटो काढून पाठवले.

या वेळी नऊ दिवस लागले. म्हणजे कुणीतरी माणसाने वाचलं असावं. मर्विनने उत्तर बारपाशी उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. श्रीमती ट्रेझाईज यांच्या निःसंदिग्ध जबाबावरून श्री. पास्को हे प्रामाणिक गृहस्थ असल्याची खात्री पटली. खातं पूर्ववत केलं आहे. एकतीस जणांचे पैसे परत करण्यात येत आहेत.

टाळ्या पडल्या. एक साडू दुसऱ्याला "बरं झालं" म्हणाला.

"पुढे आहे," मर्विन म्हणाला. "सदर जबाबानुसार हे ॲप अकरा मिलिमीटर चुकीचं माप दाखवतं, असं अधिकृत पंचांनी प्रमाणित केलं आहे. सबब ॲप दुकानातून कायमचं काढून टाकण्यात येत आहे."

सगळ्यांच्या माना डोरीनकडे वळल्या.

"सही पंच म्हणून केली होती," डोरीन म्हणाली. "खोटं कसं लिहिणार?"

"नाहीच लिहिता येत."

"याच्यावर अपील असतं का?"

"असतं. आणखी एक जबाब जोडता येतो."

"मी लिहिते," असं म्हणून डोरीनने बारवरचं पेन ओढलं, आणि मर्विनने ते तिच्या हातातून अलगद काढून स्वतःच्या खिशात ठेवलं.