डबल ब्रेकची भाकरी

रिक्षात बसले की सावंतमास्तर मागच्या सीटवरून ब्रेक दाबतात. मागच्या सीटला ब्रेक नसतो हे त्यांना पक्कं माहीत आहे. तरी मरोळ नाक्याला समोरून बस आली की त्यांचा उजवा पाय पत्र्यावर खाडकन आपटतो आणि रिक्षावाला दचकून मागे बघतो. हा पाय लिफ्टमध्येही चालतो. न्हाव्याकडे वस्तरा कानाजवळ आला की चालतो. सोसायटीच्या सत्यनारायणाला भटजींनी पोथीची दोन पानं गाळून पुढे उडी मारली, तेव्हा तो खुर्चीखाली आपटलेला मी स्वतः ऐकलाय.

दोष त्यांचा नाही. माणूस उभं आयुष्य मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या बाजूला बसला. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. त्याला ते डबल ब्रेक म्हणतात. अर्धं मरोळ त्यांच्याकडे, आरे कॉलनीच्या रस्त्यांवर गाडी शिकलं. मीही शिकले. एकदा समोर म्हैस आली आणि मी हॉर्न दाबला. मास्तर शांतपणे म्हणाले, "मॅडम, ती ड्यूटीवर आहे, तुम्ही शिकाऊ आहात. आधी ती जाईल." मला लायसन्स मिळालं. गाडी चालवायची हिंमत अजून मिळालेली नाही, पण म्हशींविषयी आदर कायमचा बसला.

मास्तरांचं दार आमच्या समोरच. त्या दाराआड सावंतकाकू, मूळच्या मालवणकडच्या. त्यांच्या तांदळाच्या भाकरीवर आमचा आख्खा मजला पोसला. शेवटी उरलेल्या पिठाच्या गोळ्याची एक एवढीशी भाकरी त्या पोरांसाठी थापायच्या. तिला म्हणायचं चानकी. त्या चानकीसाठी माझी मीरा पुढ्यातलं ताट सोडून समोर पळायची, आणि याबद्दल तिला रागवावं असा माझा स्वयंपाकही नाही.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, वाचा सुधारली, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी खिडकीतून भिरकावला. खाली पोरं अजून त्याच चेंडूनं क्रिकेट खेळतात. डावा हात ठणठणीत होता. पण डावा हात अन्नाला लावायचा नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मग स्वयंपाकघरात जाऊन करायचं काय, म्हणून त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या त्या बसल्याच. बोलणंसुद्धा हो आणि नाही एवढ्यावर आलं. मास्तर सांगायचे, भाकऱ्या आता गावठाणातली एक बाई करून देते.

अशात मे महिन्यात नोटीस बोर्डावर कागद लागला. 'भाकरी ड्रायव्हिंग क्लास. फक्त मुलांसाठी. फी नाही. लायसन्स मिळेल.' मे महिन्यात कोणी विहीर खणायला शिकवतो म्हणालं असतं तरी आयांनी पोरं पाठवली असती. तिघं जमली. माझी मीरा, चौथ्या मजल्यावरचा हेत, जो भाकरीला 'सफेद थेपला' म्हणायचा, आणि मागच्या गावठाणातला ॲलन. ॲलन डावखुरा. मास्तरांनी त्याला मुद्दाम पुढच्या सीटवर, म्हणजे परातीसमोर बसवलं. क्लास संध्याकाळचा, म्हणून ऑफिसातून आल्यावर मी दाराशी स्टूल टाकून बसले. ज्याचा ब्रेक काल्पनिक आहे अशा माणसाच्या हाती गॅस आणि पोटची पोर सोपवण्याइतकी मी श्रद्धाळू नाही.

मास्तरांनी तिघांच्या शर्टावर लाल 'एल' चिकटवला आणि मंत्र दिला: "नजर पुढे, हात हलका, पाय तयार." गॅसचं बटण म्हणजे गिअर. भाकरी उलटायची म्हणजे यू-टर्न, आणि तो घेण्याआधी मागे बघायचं. फाटली तर पंक्चर. तव्याला चिकटली तर नो पार्किंग. शिकवणं एकदम झकास होतं. फक्त भाकरी येत नव्हती.

म्हणजे किती येत नव्हती? तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढायची असते, हे मलासुद्धा कळतं. मास्तरांनी थंड पाणी ओतलं. शिवाय ओतता ओतता, पाणी थंड आहे बरं का, असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की खाली वॉचमननंही ऐकलं असेल. जी वस्तू तयार झाली ती हेतनं खाण्याआधी वाजवून पाहिली. आतल्या खोलीतून काकूंची काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी खोकल्याचा आला. नंतर एकदा मास्तर पुन्हा थंड पाण्याचा तांब्या घेऊन उभे असताना आतून शब्द आला: "आधण."

मास्तरांनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणालीस गो?" मास्तरांनी थंड पाणी ओतलं.

असं रोज चाललं. पोरं हौसेनं कच्च्या भाकऱ्या खात होती आणि एका रात्री मीराचं पोट दुखायला लागलं. माझं डोकं फिरलं. क्लास बंद करा म्हणून सांगायला सकाळी ऑफिसला जायच्या आधीच मी समोर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

गावठाणातली बाई हाफ पँट घालून तव्यासमोर उभी होती.

शेजारी फडक्यावर भाकऱ्यांची चळत. पांढऱ्याशुभ्र, गोल, एकीलाही पंक्चर नाही. आचेवरची भाकरी टम्म फुगलेली, आणि मास्तर ती चिमट्याशिवाय, बोटांनी फिरवत होते. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, गॅस बंद केला आणि मला बाहेर पॅसेजमध्ये आणलं.

काकू आजारी पडल्यावर ते चोरून शिकले होते. बरंच पीठ वाया घालवलं, बोटं भाजली. काकूंना वाईट वाटेल म्हणून ती गावठाणातली बाई उभी केली. पण भाकरी जमायला लागली आणि वेगळीच पंचाईत झाली.

"चांगली झाली की ती गप खाते आणि परत आत जाऊन बसते," मास्तर म्हणाले. "एकदा माझ्या हातून जळली. तर म्हणाली, ही भाकरी काय डांबर? किती दिवसांनी आख्खं वाक्य बोलली ती, माहितीय?"

मी विचारलं, म्हणून पोरांना कच्चं खायला घालता?

"माझ्या एकट्याच्या चुकांची तिला सवय आहे. पोरांचं नुकसान तिला बघवायचं नाही." मग नेहमीच्या मास्तरी आवाजात, "स्टिअरिंग मास्तरनंच धरलं तर शेजारचा शिकणार कधी? आपण पाय ब्रेकवर ठेवायचा आणि गप बसायचं."

भांडायला आणलेली सगळी वाक्यं मी तशीच परत घेऊन आले. मीराला ओव्याचं पाणी दिलं आणि पेपर वाचत बसलेल्या नवऱ्यावर उगाचच खेकसले.

क्लासच्या शेवटच्या दिवशी मास्तरांनी हद्द केली. परातीत मुठीएवढा गोळा उरला होता. ते ॲलनला म्हणाले, "हे आता कशाला? टाक बादलीत."

आतून काठीचा आवाज आला. या वेळी तो थांबला नाही, जवळ जवळ येत गेला, आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"टाकतस खंय? चानकी कोण करतला?"

"चानकी म्हणजे काय?" मास्तरांनी छताकडे बघत विचारलं. इतका निर्लज्ज माणूस मी पाहिलेला नाही.

ॲलननं तोवर गोळा पुढ्यात ओढला होता आणि डाव्या हातानं थापायला सुरुवातही केली होती. काकू कळवळून म्हणाल्या, "डाव्या हातान नको रे बाबा."

"माझा उजवा नाय चालत, काकू," ॲलन म्हणाला. "तुमचा पण नाय चालत ना?"

माझा स्वतःचा पाय फरशीवर दाबला गेलेला मला जाणवला. काकूंनी मांडीशी लोंबणाऱ्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग ॲलनच्या पिठानं माखलेल्या डाव्या हाताकडे. बराच वेळ पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "सरक."

एका हातानं मोठी भाकरी थापता येत नाही. चानकी येते. ॲलननं परात धरली, मीरानं पीठ भुरभुरलं, आणि काकूंचा डावा हात आधी बिचकत, मग हळूहळू लय पकडत गोळ्यावर पडत राहिला. कडा चिरल्या. एकदा तर ती उचलताना मोडणारच होती. काकूंनी ती तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली आणि शेवटी आचेवर धरली. बोटं आचेच्या अगदी जवळ गेली. मी मास्तरांच्या पायाकडे पाहिलं. उजवा पाय जमिनीपासून वर उचललेला होता आणि तसाच अधांतरी राहिला.

चानकी एका अंगाला फुगली.

तिन्ही ताटल्या एकदम पुढे आल्या. काकूंनी त्या ओलांडून चानकी मास्तरांच्या ताटलीत ठेवली.

"घेवा. शिकाऊ माणसाक चानकी," त्या म्हणाल्या. "आणि त्या गावठाणातल्या बाईक सांगा, मीठ कमी पडता."

हेतनं विचारलं, कोण बाई? मास्तर मान खाली घालून खात होते. चानकी ती केवढीशी, दोन घासांची. पण त्यांना ती संपवायला फार वेळ लागला.