डेल्फीनने कुठे राहावं याचे अकरा निकष

शिकल्यासवरल्या माणसाने कुठे राहावं, हा प्रश्न त्या माणसाच्या एकट्याच्या बुद्धीवर सोडण्याइतका सोपा राहिलेला नाही. त्यासाठी समिती लागते. आमच्या टॉलिव्हर कुटुंबात ती आहे. तिला अध्यक्ष आहेत, इतिवृत्त आहे, आणि दर उन्हाळ्याच्या मेळाव्यात सभासदांना जांभळे टी-शर्ट मिळतात. (यंदा सगळे एकाच मापाचे आले. ज्यांच्या अंगात शिरले नाहीत त्यांनी ते खांद्यावर टाकून मतदान केलं.)

पूर्ण नाव : 'सुशिक्षित कृष्णवर्णीय नातेवाइकांच्या स्थलांतराची निवड समिती'. मी तिचा चिटणीस, थॅडियस. मी मेम्फिसला राहतो, तेव्हा मी तटस्थ आहे असं दोन्ही बाजूंनी मान्य केलं. मेम्फिसला कोणी स्पर्धेतच धरत नाही.

बाजू दोन, अटलांटा आणि ह्यूस्टन. आपल्यापैकी जे डॉक्टर, वकील, इंजिनिअर वगैरे होतात त्यांनी शेवटी या दोहोंपैकी एका शहरात जायचं असतं, यावर कुटुंबात एकमत आहे. कोणत्या, यावर मतभेद आहेत आणि ते आम्ही एकोणीस वर्षं जिवापाड जपले आहेत. आमचे पणजोबा १९४३ साली दक्षिणेतल्या मेरिडियनच्या स्टेशनातून एका पिशवीनिशी उत्तरेला गेले, तेव्हा त्यांनी कुठलाही तुलनात्मक तक्ता केला नव्हता. (त्यांना गाव सोडायला सांगायला जे गोरे रात्री घरी आले होते, त्यांनीही तक्ता आणला नव्हता.) आता आम्ही परत दक्षिणेत येतोय, पण पद्धतशीर येतोय.

यंदाचं प्रकरण माझ्या चुलत बहिणीचं. डेल्फीन, वय चौतीस, लहान मुलांची दंतवैद्य, मुक्काम मिनेसोटातलं डुलुथ. तिथल्या चार वर्षांत तिला सदतीस वेळा 'डॉक्टर कधी येणार?' असं विचारण्यात आलं. (विचारते वेळी तिचे दोन्ही हात विचारणाऱ्याच्याच पोराच्या तोंडात होते.) आपल्यासारखे केस गुंफता येणारं माणूस गाठायला ती अडीचशे किलोमीटर गाडी हाकते. जूनमध्ये तिला अटलांटातल्या एका दवाखान्याने बोलावलं आणि ह्यूस्टनमधल्या एकानेही. दोघांनाही शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर हवं होतं. योगायोगाने त्याच शुक्रवारी मेरिडियनला मेळावा निघाला. योगायोग म्हणजे, तारीख मी बदलली.

सभा दोनला, चर्चच्या तळघरात. अध्यक्ष अलोन्झो आजोबा, वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनी प्रार्थना सुरू केली आणि पक्षपाताचा आरोप नको म्हणून एक वाक्य अटलांटासाठी, एक ह्यूस्टनसाठी असं चाळीस मिनिटं देवाला गुंतवून ठेवलं. तेवढ्या वेळात डेल्फीन सरबताच्या टेबलाशी माझ्याजवळ आली.

"थॅड, एक सांगू? माझं ठरलंय."

"शू. अजून निकष वाचून व्हायचेत."

"अरे, ऐक तर. मला रविवारी कुणाच्या तरी घरी जेवायचंय. जेवता जेवता 'हे काय, अजून घे की' असं म्हणणारं माणूस हवंय समोर. आत्या ह्यूस्टनला आहे. संपलं."

मी तिला शांतपणे समजावलं की हा बारावा निकष होतो, आणि निकषांची संख्या मागच्या सभेत अकरावर गोठवण्यात आली आहे.

"गोठवली? कुणी?"

"सर्वानुमते."

"मी होते त्या सभेत?"

"तुझं नाव विषयपत्रिकेवर होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. दंतवैद्य कीड लागलेल्या दाढेकडे बघतात तसं. मग तिने सरबत संपवलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. सूचना अनुमोदनाअभावी बारगळली, अशी मी नोंद केली.

अटलांटाची बाजू मांडायला रॉईस काका उभे राहिले. त्यांचा घटस्फोट झालेला आहे, अटलांटात सव्वीस वर्षं झाली, आणि त्यांच्याकडे एकशे चार फोटो होते. त्यांपैकी साठ झाडांचे. ह्यूस्टनची बाजू एर्नेस्टीन आत्याकडे. ती निवृत्त मुख्याध्यापिका आहे आणि तिला फोटो लागत नाहीत. ती चष्म्यावरून नुसती बघते.

सगळे निकष इथे देत नाही, पण वानगीदाखल. निकष तीन : गाडी पोलिसाने अडवलीच, तर अडवणारा पोलीस आपल्यातलाच असण्याची शक्यता. यात अटलांटाने बाजी मारली. (गाडी अडवली जातेच, पण बोलणं घरगुती होतं.) निकष चार : स्वतःच्याच अंगणात उभं असताना शेजाऱ्याने आपल्याला माळी समजण्याचं प्रमाण. इथे ह्यूस्टन पुढे गेलं, कारण तिथे शेजारी नायजेरियातून आलेला हृदयरोगतज्ज्ञ असतो आणि तो फक्त एवढंच विचारतो की तुम्ही दातांवरच का थांबलात. निकष सात, लग्नाळू पुरुष : अटलांटात भेटणारा प्रत्येक जण काहीतरी सुरू करणार असतो, ह्यूस्टनमध्ये तेलाच्या कंपन्या, त्यामुळे तिथे तो 'तेलात' असतो. (म्हणजे नेमकं कुठे, हे त्यालाही सांगता येत नाही.) दोघांना समान गुण. निकष नऊ, नैसर्गिक आपत्ती : ह्यूस्टनला पूर येतो, अटलांटाला दोन बोटं बर्फ पडतो. हानी सारखीच.

मग प्रश्नोत्तरं. ही फार कडवट झाली, अशी माझ्या इतिवृत्तात नोंद आहे.

"रॉईस," आत्या म्हणाली, "तुझ्या त्या झाडांखाली संध्याकाळी व्हरांड्यात बसता येतं? मला खरं सांग. डास न मारता?"

"ताई, मी तिथे झोपतो. खुर्चीत. तोंड उघडं ठेवून."

"आणि ऑगस्टमध्ये?"

"ऑगस्टमध्ये वर एक चादर घेतो."

"थापा मारू नकोस."

"आईशप्पथ!"

आत्याने काहीतरी लिहून घेतलं. (नोंद : उलटतपासणी जोरात.) मग काका उठले.

"ताई, तुझ्या गराजमध्ये म्हणे तीन गाड्या मावतात."

"तीन गाड्या आणि एक होडी."

"होडी कशाला?"

"पुराला. आणि तुझ्यासारखे पाहुणे आले तर त्यात झोपवायला."

तळघर हसलं. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "एका माणसाला होतं का गं एवढं घर तिथे? म्हणजे एखादा निवृत्त व्हायला आलेला माणूस असला तर?"

"दोन मजले होतात. त्या माणसाला म्हणावं जिने चढायची सवय ठेव."

काकांनीही लिहून घेतलं. (नोंद : ह्यूस्टनच्या दाव्यांवर तीव्र संशय.)

चार वाजून पन्नास मिनिटांनी मतदान झालं. एकतीस विरुद्ध एकतीस. निर्णायक मत अध्यक्षांचं, आणि अध्यक्ष मर्तिकाच्या दुकानाची जाहिरात छापलेला पंखा तोंडावर धरून झोपले होते. त्यांना हलवल्यावर ते म्हणाले, "कोण गेलं?" हे मत कोणत्या शहराला धरावं यावर उपसमिती नेमण्याचा ठराव चालू असताना डेल्फीन उठून बाहेर पायऱ्यांवर गेली. तीन मिनिटांनी परत आली.

"मी ह्यूस्टनला हो कळवलंय," ती म्हणाली. "आणि अटलांटाला नकार. आत्या, एक सप्टेंबरला येते. रविवारी मी तुझ्याकडे जेवायला."

टाळ्या वाजायला हव्या होत्या. आत्याने चष्मा काढला.

"अगं बाई," ती म्हणाली. "डेल्फीन, मी घर विकायला काढतेय. आत्ताच घरं विकून देणाऱ्या बाईला फोनवर निरोप टाकला. रॉईसने ती झाडं दाखवली ना... तीस वर्षं उकडून निघालेय गं मी. मी अटलांटाला चाललेय."

"कुणाला विकतेस?" काकांनी विचारलं. आवाज जरा घाईचा होता.

सारांश असा की दोन्ही वक्त्यांची भाषणं अत्यंत प्रभावी ठरली. समितीच्या इतिहासात कोणाचं मत प्रत्यक्ष बदलल्याची ही पहिलीच वेळ, आणि नियमावलीत त्यासाठी तरतूद नव्हती. पाच वाजून गेले होते. अटलांटाच्या दवाखान्याने दुसऱ्या उमेदवाराला होकार दिला होता.

ऑक्टोबरपर्यंत सगळं पार पडलं. एर्नेस्टीन आत्या अटलांटाच्या व्हरांड्यात बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ह्यूस्टनचं कौतुक सांगते. रॉईस काका तिच्या दुमजली घरात राहतात. डेल्फीन पहिल्याच रविवारी त्यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांनी बाहेरून कोंबडीचे पंख मागवले आणि दोन तास अटलांटाच्या झाडांचे फोटो दाखवले. दुसऱ्या रविवारपासून ते गोल्फला जातात. अहवालाचा निष्कर्ष : दोन्ही शहरांतल्या कुटुंबाच्या संख्याबळात काहीही घट झालेली नाही, सबब प्रकरण यशस्वी म्हणून बंद.

डेल्फीनचं काम उत्तम चाललंय. डॉक्टर कधी येणार, असं तिथे तिला कोणी विचारत नाही. रविवारी दुपारी ती ताट वाढून घेते आणि समोर बरणीला टेकवून फोन उभा करते. पलीकडे आत्याही जेवत असते. "हे काय, अजून घे की," आत्या म्हणते. डेल्फीन हात लांबवते आणि स्वतःच्याच पातेल्यातून घेते.

अहवाल नातेवाइकांत वाटल्यावर मला चौपन्न जणांचे फोन आले. डेल्फीन कशी आहे, असं त्यातल्या एकानेही विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच : मग शेवटी दोहोंत सरस कोणतं? निकष वाचताना तुम्हीही मनातल्या मनात गुण देत होतात, हे मला ठाऊक आहे. संकोच करू नका. समितीत दोन जागा रिकाम्या आहेत आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. टी-शर्टचं माप तेवढं कळवा.