विशाखाला सही जमेना

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव उमटलं आणि श्रेयाची विशाखा झाली. नाव सासऱ्यांनी, म्हणजे काकासाहेबांनी, निवडलेलं. तेवढ्यावर थांबतील तर ते काकासाहेब कसले! "नाव बदललं म्हंजे समदीकडं बदललं पायजे," म्हणत ते सुनेचा अर्ज घेऊन तिच्या वाळूजच्या ऑफिसात गेले, सोबत पेढे. ऑफिसनं ते मनावर घेतलं नागपंचमीच्या आदल्या दिवशी. जुना ईमेल पुसला, नवा दिला.

नेमका त्याच सकाळी तिचा भाऊ शिवराज तिला माहेरी न्यायला मुराळी होऊन, देवगाव रंगारीहून जीप घेऊन दारात. लग्नानंतरची पहिली पंचमी. माहेरी लिंबाला झोका बांधून झालेला. तिचं एकच काम उरलं होतं. कारखान्यातलं यंत्र माप चुकवत होतं म्हणून बंद ठेवलेलं. त्याच्या प्रोग्राममधल्या ओळी तिनं घरी बसून दुरुस्त केल्या होत्या. त्या कंपनीच्या सर्व्हरवर चढल्या, की सुट्टी. पण चढवताना सही लागते, आणि ती सही होते संगणकात जपलेल्या गुप्त किल्लीनं. श्रेयानं गुणी सुनेसारखं लॅपटॉपातही आपलं नाव 'विशाखा' केलं आणि बटण दाबलं.

संगणक म्हणाला, विशाखाची किल्ली सापडत नाही.

सापडणार कशी? किल्ली श्रेयाच्या नावची.

"ताई, चल की. आई दारातच उभी आसंल."

"थांब रं जरा."

तिनं नाव पुन्हा श्रेया केलं. सही झाली झटक्यात, पण सर्व्हर म्हणाला, या नावाचं इथं कुणी काम करत नाही. मग विशाखाच्या नावानं नवी किल्ली घडवली. सर्व्हर म्हणाला, ही किल्ली ओळखीची नाही. जात्यावरच्या ओवीत सासुरवाशिणीला नदी आडवी येते, डोंगर आडवा येतो; हिला स्वतःचंच नाव आडवं आलं होतं.

काकासाहेब मागं उभे राहून सगळं बघत होते. "सहीच करायची ना? सरक, मी करतो."

"मामा, ती हातानं नसती करायची."

"मंग काय पायानं?"

शेवटी तिनं ऑफिसातल्या अतुलला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"नवी किल्ली मंजूर करायला साहेबच पायजेत, ते सोमवारी येणार," अतुल म्हणाला. "तवर तुम्हाला हलता येणार नाय, मशीन बंद हाय. नायतर जुनं नाव परत चढवतो, लगेच होतंय. पण तुमच्या सासऱ्यांचे पेढे खाल्लेत ना आम्ही."

सगळ्यांनी काकासाहेबांकडं पाहिलं. काकासाहेबांनी पंख्याकडं पाहिलं.

"पंचमीपुरतं करा," ते म्हणाले.

"पुरतंबिरतं नसतंय काका. एक काय ते ठरवा."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून सासूबाई, केसरबाई, फोनकडं बघत म्हणाल्या, "श्रेयाच करा वो साहेब. पोरीला उशीर व्हायलाय."

"केसर, तू मधी पडू नको."

"मी कुठं पडले? ती मशीन पडलीय बंद."

काकासाहेबांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. "करा," ते फोनला म्हणाले, जणू हुकूम आपलाच होता.

अतुलनं नाव फिरवलं. श्रेयानं बटण दाबलं. सही झाली, ओळी चढल्या, हिरवी खूण आली. तिनं लॅपटॉप मिटला आणि जीपकडं धावली, तर मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन केसरबाई आधीच बसलेल्या.

"तू कुठं निघालीस?" काकासाहेब दारातूनच.

"माहेरी. देवगावच्या अल्याडच तर हाय. सुनेला पंचमी, मला नाय व्हय?"

"आन् सैपाक?"

"पीठ हाय की डब्यात."

"केसर, खाली उतर."

केसरबाई समोर बघत राहिल्या, हाक शेजारच्या कुणाला मारली असावी तशा. शिवराजनं जीप सुरू केली.

"केसर."

काकासाहेब चपला न घालताच खिडकीशी आले. गल्लीत कुणी ऐकत नाही ना, हे त्यांनी दोन्हीकडं बघून घेतलं. मग लग्नानंतर कधी ओठावर न आलेलं तिचं माहेरचं नाव हळूच उच्चारलं.

"द्वारका, पीठ कोणत्या डब्यात?"

तेव्हा कुठं तिनं मान वळवली.