शुद्ध गोमयभस्माची बरणी

भट्टीतून निघालेल्या चौदाव्या बरणीच्या अंगावरही देवी आल्यासारखे फोड उठलेले दिसले, तेव्हा पद्मनाभ मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खालीच बसकण मारली.

जुन्या हुबळीत त्यांचा लोणच्याच्या बरण्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक भट्टी, दोन चाकं आणि हणमंत नावाचा एक कारागीर. पूर्वी मास्तर शाळेत रसायनशास्त्र शिकवत. त्यांनी शाळा सोडली, पण मास्तरकी काही त्यांना सोडेना. बरणीवरच्या झिलईची कृतीसुद्धा ते आधी फळ्यावर खडूने लिहीत आणि मगच कालवायला घेत.

या कृतीतला एक जिन्नस कलकत्त्याहून पोत्यातून यायचा. युद्ध पेटलं, मालगाड्या लष्कराच्या दिमतीला गेल्या आणि पोतं यायचं बंद झालं. हा जिन्नस म्हणजे हाडांची राख. बरणीला दुधासारखा पांढरेपणा येई तो तिच्यामुळे. मास्तर आणि हणमंत सोडले तर ही गोष्ट गावात कोणालाच ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नव्हती म्हणूनच चौदा वर्षं घरोघरची लोणची सुखाने मुरत होती.

आता नेमकं महिन्यावर लेकीचं लग्न आलं होतं. इंदुमतीला धारवाडच्या बाळाचार्यांच्या राघवेंद्राने पसंत केलं होतं. बाळाचार्य म्हणजे सोवळ्याओवळ्यातला शेवटचा शब्द. शंका आली की दोन्ही गावांतले लोक त्यांचं घर गाठत. त्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. "रुखवतात तुमच्या हातच्या पांढऱ्याशुभ्र पाच बरण्या तेवढ्या मांडा," एवढंच म्हणाले. इंदुमती तेव्हापासून घरभर गुणगुणत हिंडत होती. तिचं ते गुणगुणणं ऐकलं की मास्तर उठून भट्टीकडे जात.

त्यांनी चुना घालून पाहिला, तर झिलई ओघळून बरणी फळीलाच चिकटली. भाताच्या तुसाची राख घातली, तर बरणी फणसासारखी खरबरीत झाली. मग दोन्ही मिसळून घातली आणि देवीचे फोड उठले.

"किती घातलीत राख?" शकुंतलाबाईंनी चहाचा पेला पुढे करत विचारलं.

"पोत्यातली घालत होतो तेवढीच. शेराला शेर."

"मग बिघडेल नाहीतर काय हो! साखर संपली म्हणून गूळ घातला, तर पाणी कमी करावं लागतंय की नाही? जिन्नस बदलला की सगळंच प्रमाण बदलतंय. तुमच्या रसायनशास्त्रात हे नाही?"

होतं. पण बायकोच्या तोंडून ऐकल्याशिवाय मास्तरांना ते आठवलं नव्हतं. शकुंतलाबाईंनी भांडी घासायला ठेवलेली गोवरीची राख दिली. मास्तरांनी ती दोनदा धुऊन वस्त्रगाळ केली, माप निम्म्यावर आणलं आणि भट्टी लावली. चौथ्या दिवशी बरण्या निघाल्या त्या दुधावरच्या सायीसारख्या. हणमंत आनंदाने ओरडला, "गेद्दिवी मास्तर! जिंकलो की!"

इथे थांबले असते तर ते मास्तर कसले? सिद्ध झालेली गोष्ट फळ्यावर लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्यांनी फळा उचलून दारात ठेवला आणि वळणदार अक्षरात, मराठीत आणि कानडीत, लिहिलं: "आमच्या बरण्यांत आता हाडांची राख मुळीच नाही! शुद्ध गोमयभस्म."

पहिल्या आल्या त्या शेजारच्या वेणूबाई. त्यांनी फळा एकदा मराठीत वाचला, खात्री करायला कानडीतही वाचला.

"पद्मनाभा, आता नाही म्हणजे? आधी होती काय रे?"

मास्तरांना खोटं बोलायची सवय नव्हती. "होती, अक्का. शेकडा वीस," त्यांनी सांगितलं.

"अय्यय्यो!" वेणूबाई तिथल्या तिथे दोन पावलं मागे सरल्या. "आणि मी एकादशीचं लिंबू त्यात घालते की रे!"

दुपारपर्यंत मास्तरांच्या दारात बरण्यांची रांग लागली. कैरी, लिंबू, माईनमुळा, सगळं आतल्या लोणच्यासकट. लोणचं टाकवत नव्हतं आणि बरणी घरात ठेववत नव्हती. प्रत्येकीला तिथल्या तिथे नवी बरणी बदलून हवी होती, आणि नव्या निघाल्या होत्या अवघ्या अठरा. कुणीतरी आतल्या लोणच्यावरून बरणी ओळखू यावी म्हणून झाकणं काढून ठेवली, ती झाकणं एकमेकांत मिसळली, आणि भांडणाला आणखी एक विषय मिळाला.

"मला कधी बोलला नाहीत ते!" आत शकुंतलाबाई कपाळावर हात मारून बसल्या. इंदुमतीचं गुणगुणणं थांबलं होतं.

संध्याकाळी दारात टांगा थांबला. आतून बाळाचार्य उतरले. बातमी धारवाडला पोचली होती. त्यांच्या हातात धाबळीत गुंडाळलेली त्यांच्या घरची बरणी होती. बायकांनी बाजूला होऊन वाट दिली. लेकीचं लग्न आता याच माणसाच्या जिभेवर होतं.

"भट्टीत किती दिवस असते हो बरणी?" आचार्यांनी विचारलं.

"तीन दिवस, तीन रात्री," मास्तर कसंबसं बोलले.

आचार्य वेणूबाईंकडे वळले. "अक्का, शंख कशाचा असतो?"

"समुद्रातल्या किड्याचा की."

"म्हणजे त्याचं हाडच. त्यातलं पाणी आपण देवावर घालतो, वर तीर्थ म्हणून पितो. तो शंख तर कुणी भाजूनही घेत नाही. इथं तीन दिवस अग्नीनं खाल्लंय. अग्नीनं खाल्ल्यावर उरलं काय? बरणी! न्या आपापल्या घरी."

गल्लीने सुटकेचा असा श्वास सोडला की फळ्यावरचा खडू उडाला असता. बायका बरण्या उचलून भराभर निघाल्या. कैरीवाल्या घरी लिंबू गेलं, लिंबूवाल्या घरी माईनमुळा गेला, पण तक्रार कुणीच केली नाही. उलट पुढचे चार दिवस सगळी गल्ली एकमेकींच्या हातची चव वाखाणत होती.

वेणूबाई मात्र दारातच उभ्या होत्या. हणमंताने त्यांच्यापुढे नवी बरणी धरली.

"नको. हाडांची असेल तर दे एक."

"अक्का, ही गोमयभस्माची आहे! शुद्ध!"

"असू दे. हाडांच्या बरणीला आचार्यांनी शास्त्र सांगितलंय. शेणाच्या बरणीला कुठं सांगितलंय?"

पांगापांग झाल्यावर दोघे व्याही कट्ट्यावर बसले. आतून पुन्हा गुणगुण ऐकू येऊ लागली होती. मास्तरांचे डोळे भरून आले.

"आचार्य, तुम्ही आज माझी लाज राखलीत. एवढा मोठा धक्का तुम्ही किती सहज पचवलात!"

"धक्का कसला! मला बारा वर्षांपासून ठाऊक आहे की. बरणी न्यायला आलो तेव्हा तुमच्या हणमंतानंच सांगितलं."

"बारा वर्षं! आणि तुम्ही त्याच बरणीतलं लोणचं खात राहिलात?"

बाळाचार्यांनी गल्लीत दोन्हीकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"तो शंखाचा दाखला सुचायला मला सहा महिने लागले हो. तोवर लोणचं मुरलं होतं."